मधल्या खोलीपुढेही घर असल्याबाबत

प्रति,
मा. गटविकास अधिकारी,
पंचायत समिती, नांदखार,
जिल्हा रायगड.

अर्जदार : बुधाजी कान्हू घरत, वय ५७, धंदा टेंपो चालवणे, राहणार मौजे कोलवडे खार, तालुका नांदखार.

विषय : अर्जदाराच्या नवीन घराची पाहणी पुढच्या दारापासून मोरीपर्यंत, एकाच दिवशी, जागेपणी पूर्ण होऊन घर क्रमांक मिळण्याबाबत.

संदर्भ :
१) पाहणी दि. ११ मार्च २०२५ (अपूर्ण)
२) पाहणी दि. २७ मार्च २०२५ (अपूर्ण, उलट बाजूने)
३) आपल्या कार्यालयाची नोटीस दि. ४ एप्रिल २०२५
४) पाहणी दि. १७ एप्रिल २०२५ (पूर्ण, परंतु चुकीची, चूक अर्जदाराची)
५) पाहणी दि. ६ मे २०२५ (याबद्दल खाली सविस्तर)

महोदय,

हा अर्ज अर्जदाराने घराबाहेर, चिंचेखाली, उन्हाची तिरीप तोंडावर घेत बसून लिहिला आहे. घरात बसून तो दोनदा लिहायला घेतला होता. दोन्ही वेळा विषयापर्यंत आला आणि पुढे संध्याकाळ झाली. अक्षर वाकडे आले असल्यास ते गुडघ्यावर कागद ठेवल्यामुळे आहे, हे ध्यानात घ्यावे.

१. अर्जदाराचे वडील मिठागरावर होते. आई लवकर गेली. अर्जदाराला त्याच्या आत्याने, श्रीमती ठमाबाई यांनी, वाढवले. आत्या आज अठ्ठ्याहत्तर वर्षांची आहे, कानाने तीक्ष्ण आहे आणि शब्दाची पक्की आहे. हा शेवटचा गुण या प्रकरणात फार आड आलेला आहे.

बारा वर्षांपूर्वी आत्याचे स्वतःचे कुडाचे घर रस्ता रुंद करताना गेले. त्या वेळी आलेल्या माणसांनी दारावर वरखाली पाहिले आणि म्हणाले, "बाई, याला नंबरच नाही. म्हणजे कागदावर हे घरच नाही." दुपारपर्यंत ते जमिनीवरही राहिले नाही. तेव्हापासून आत्या अर्जदाराच्या जुन्या जागेत, चारी बाजूंनी आणि वरूनही पत्रा असलेल्या खोपीत राहत होती. एप्रिलमध्ये त्या पत्र्यावर हात ठेवला तर हात लगेच परत घ्यावा लागतो. आत्या ओला पंचा डोक्यावर ठेवून बसायची आणि तो अर्ध्या तासात खडखडीत वाळायचा.

२. अर्जदाराची मुलगी कु. हेमाली हिने बांधकामाची पदविका घेतली असून ती अलिबागला एका ठेकेदाराकडे कामाला होती. तो ठेकेदार मुंबईच्या लोकांसाठी बंगले बांधतो. त्या बंगल्यांना पश्चिमेला सबंध काचेच्या भिंती असतात, म्हणजे समुद्र दिसतो, आणि मग त्याच काचेतून शिरलेले ऊन बाहेर काढायला प्रत्येक खोलीत एसी लावतात. हेमालीने हे दोन वर्षे पाहिले, आणि एके दिवशी घरी येऊन म्हणाली, "बाबा, कसं बांधायचं नाही ते मी पूर्ण शिकले. आता आपलं बांधू या."

तिच्यापुढची अडचण अशी होती, की आपल्या इथे दुपारचा वारा पश्चिमेकडून येतो आणि दुपारचे ऊनही पश्चिमेकडूनच. एकाला घरात घ्यायचे आणि दुसऱ्याला दारातून परत पाठवायचे. त्यासाठी ती दोन उन्हाळे हातात सुताची दोरी घेऊन आमच्या जागेत फिरत होती. दोरी कुठे हलते ते बघायची आणि वहीत लिहायची. गावात लोक अर्जदाराला विचारू लागले, पोरीला काही झालेय का? अर्जदार म्हणायचा, अभ्यास आहे.

घर असे झाले : भिंती जांभ्या दगडाच्या, त्यावर चुन्याचा गिलावा. पश्चिमेला खोल पडवी, एवढी की ऊन तिथेच अडते. पडवीच्या आत बुटक्या खिडक्या, वारा खालून शिरावा म्हणून. वर मंगलोरी कौले, गावातल्या ज्यांनी स्लॅब टाकले त्यांनी उतरवलेली. कौलांखाली वीतभर जागा सोडून बांबूच्या चटईचे छत, आणि सर्वांत वर पूर्वेला झरोके. गरम हवा वर जाते आणि झरोक्यातून आपली वाट धरते. जमिनीला जुनी शहाबादी फरशी. सगळे घर स्लॅबच्या घराच्या निम्म्याहून कमी खर्चात उभे राहिले आणि त्यात एकही पंखा लागला नाही. बाहेर अडतीस असताना मधल्या खोलीत तीस असते. हेमालीने तिथे तापमान मोजायची काच टांगली आहे. पाहणीला आलेल्यांपैकी ती कोणी पाहिली नाही, कारण पाहायला मान वर करावी लागते आणि मान वर केली की डोळे मिटतात.

वाडीतल्या पाच कुटुंबांनी असेच घर बांधायचे ठरवले आहे. पण हा आराखडा आपल्या मान्य यादीत आल्याशिवाय त्यांना परवानगी नाही, पाहणी पूर्ण झाल्याशिवाय यादी नाही, आणि पाऊस सुरू झाल्यावर कोणी पाया खणत नाही.

आत्याने घर बाहेरून पाहिले. भिंतीवर हात फिरवला. मग दारावरची मोकळी जागा पाहिली आणि म्हणाली, "नंबर न्हाय त्या घरान मी पाय ठेवाची न्हाय. एक डाव घर गेलाय माजा." आणि खोपीत परत गेली.

३. पहिली पाहणी. दि. ११ मार्च रोजी ग्रामपंचायत अधिकारी श्री. चांगदेव शेलार हे फीत घेऊन दुपारी साडेबाराला आले. मनुष्य कष्टाळू. त्यांनी पडवी मोजली, ओटी मोजली, मधली खोली मोजली. आकडे लिहायला ते मधल्या खोलीत फरशीवर बसले. "वहिनी, पाणी द्या," म्हणाले. अर्जदाराची पत्नी सौ. कमळ पाणी घेऊन आली तेव्हा ते "दोन मिनिटं पाठ टेकतो," असे म्हणत आडवे होत होते.

ते पाच वाजून दहा मिनिटांनी उठले. फार शरमले, घाईघाईने चपला घालून निघाले, आणि कार्यालयात जाऊन, जे मोजले ते प्रामाणिकपणे लिहिले : "पडवी, ओटी व मधली खोली आढळली. पुढे काही नाही."

पुढे काही मोजलेले नाही, असे त्यांना म्हणायचे होते. परंतु कागदावर अर्जदाराच्या घराला स्वयंपाकघर राहिले नाही, मागची खोली राहिली नाही आणि मोरीही गेली. अर्जदाराने ही प्रत पत्नीस वाचून दाखवली. तिने रात्री ताट वाढले नाही. अर्जदाराने विचारल्यावर म्हणाली, "शिजवू कुठं? साहेबांना विचारून या."

४. दुसरी पाहणी. अर्जदाराच्या तक्रारीवरून कनिष्ठ अभियंता श्री. दिपेश राऊळ आले. तरुण, हुशार माणूस. अर्जदारानेच त्यांना सुचवले, की साहेब, मागून सुरुवात करा, म्हणजे राहिलेला भाग आधी होईल. त्यांना ते पटले. मोरी मोजली, स्वयंपाकघर मोजले, मागची खोली मोजली, आणि फीत ओढत ओढत ते मधल्या खोलीत शिरले.

फितीचे दुसरे टोक अर्जदाराच्या हातात होते. थोड्या वेळाने फीत सैल पडली. अर्जदाराने हाक मारली. साहेब फरशीवर कुशीवर होते आणि फितीचा डबा त्यांनी छातीशी धरला होता. सोडवून घेणे बरे दिसेना म्हणून अर्जदार आपले टोक धरून पावणेतीन तास बसून राहिला.

त्यांचा अहवाल : "मोरी, स्वयंपाकघर व मागची खोली आढळली. पुढे काही नाही."

५. यानंतर दि. ४ एप्रिलची नोटीस आली. त्यात लिहिले आहे, की सदर जागेवर दोन स्वतंत्र अपूर्ण बांधकामे आढळून येत असून पहिल्यास स्वयंपाकघर नाही व दुसऱ्यास दरवाजा नाही. पैकी दुसरे बांधकाम कोणाच्या परवानगीने केले, आणि त्यात माणसे कुठून शिरतात, याचा खुलासा सात दिवसांत करावा.

अर्जदाराने खुलासा दिला, की माणसे पहिल्या घरातून दुसऱ्यात शिरतात. त्यावर उलट विचारणा आली, की मग पहिल्या घराच्या मालकाची संमती घेतली आहे काय. अर्जदाराने स्वतःस संमती दिल्याचा कागद करून पाठवला. त्यावर साक्षीदार म्हणून सौ. कमळ यांची सही आहे. ती त्यांनी हसू आवरल्यावर केली.

६. तिसरी पाहणी. आता येणार होत्या विस्तार अधिकारी श्रीमती विनिता कर्णिक. मॅडमविषयी अर्जदाराने ऐकले होते, की त्या बसत नाहीत, चहा घेत नाहीत आणि सुट्टीही घेत नाहीत. तरीही अर्जदाराने भरवसा ठेवला नाही. मधल्या खोलीने दोन सरकारी माणसे आडवी केली होती.

येथे अर्जदाराकडून जे घडले ते तो काही न लपवता लिहीत आहे. हेमाली त्या दिवशी अलिबागला गेली होती. अर्जदाराने सकाळी शिडी लावून झरोक्यांत गोणपाट कोंबले. बुटक्या खिडक्यांना प्लॅस्टिक ठोकले. आत चूल पेटवून भात उकडायचे मोठे टोप चढवले. खुर्च्या, पाट, चटया सगळे बाहेर काढले, आणि वाडीतली अकरा माणसे बोलावून घरभर उभी केली. कमळ म्हणाली, "अहो, हे बरं दिसतं का?" अर्जदार म्हणाला, "आज बरं दिसायचं नाही. आज नंबर घ्यायचा."

मॅडम दुपारी एकला आल्या आणि नऊ मिनिटांत संपूर्ण घर, पडवीपासून मोरीपर्यंत, मोजून बाहेर पडल्या. घामाने त्यांच्या वहीची पाने चिकटली होती. अर्जदाराने मनातल्या मनात देवीला नारळ बोलून टाकला. अहवाल आठवड्याने आला :

"घर सलग व पूर्ण आहे. तथापि आत असह्य उकाडा व धूर असून मनुष्यवस्तीस अयोग्य. उष्ण हवामानासाठी योग्य असल्याचा दावा निखालस खोटा. आराखडा मान्य यादीत घेऊ नये. घर क्रमांक देऊ नये."

तो कागद हेमालीने वाचला. तिने झरोक्याकडे पाहिले. एका झरोक्यात गोणपाटाचा तुकडा अजून अडकून राहिला होता. ती शिडीवर चढली, तो काढला आणि बापाच्या हातात दिला. "बाबा," ती म्हणाली, "दोन वर्षं मी वारा शोधत फिरले. तुम्ही त्याच्या तोंडात बोळा कोंबलात."

नंतर ती चार दिवस अर्जदाराशी बोलली नाही. महोदय, अर्जदाराने मिठागरात उन्हातान्हात काम केले आहे, घाटात ब्रेक गेलेला टेंपो उतरवला आहे, पण असे चार दिवस त्याने काढलेले नाहीत. पाचव्या दिवशी तो स्वतः आपल्या कार्यालयात येऊन मॅडमपुढे उभा राहिला आणि गोणपाटासकट सगळे सांगितले. मॅडमनी आपला अहवाल काढून पुन्हा वाचला. मग म्हणाल्या, "म्हणजे मला झोप लागू नये म्हणून तुम्ही मला उकडलंत?" अर्जदार म्हणाला, "होय." त्यांनी फेरपाहणी मंजूर केली. याबद्दल अर्जदार त्यांचा आजन्म ऋणी आहे.

७. चौथी पाहणी, दि. ६ मे. या वेळी तिघेही आले. मॅडमनी दारातच हुकूम सोडला : "कोणी बसायचं नाही. कोणी टेकायचं नाही. एकमेकांवर लक्ष ठेवायचं." हेमालीने सगळ्या खिडक्या आणि झरोके उघडे ठेवले होते. बाहेर पक्षीही बोलत नव्हते, इतके ऊन होते.

पडवी आणि ओटी बिनचूक झाली. मग मधली खोली आली. श्री. शेलार फरशीचा उतार तपासायला म्हणून खाली वाकले आणि वर आले नाहीत. श्री. राऊळ खांबाला न टेकता, खांबाजवळ, उभ्याने झोपले. तोंडाने आकडे चालू होते. मॅडम अर्जदाराला म्हणाल्या, "यांचं आधी लिहून ठेवते," आणि ते लिहिण्यापुरत्या उंबऱ्यावर बसल्या. "दोन्ही कर्मचारी कामाच्या वेळी झो" एवढे लिहून झाले. तो कागद घरातच राहिला, तो सोबत जोडला आहे.

ही बातमी वाडीतून खोपीत पोचायला पाच मिनिटे लागली. आत्या भर दुपारी, अनवाणी, हातात काठी घेऊन आली. अर्जदाराने तिला लांबून येताना पाहिले आणि तो आडवा गेला, पण तिने काठीनेच त्याला बाजूला केले. "माज्या नंबरावर झोपतंत?" असे ओरडत ती पडवी चढली, ओटी ओलांडली आणि थेट मधल्या खोलीत शिरली. पाय न ठेवण्याचे वचन रागात कुठल्या कुठे राहिले. तिने काठी उगारली. श्री. शेलार यांच्या पाठीपासून ती फार तर हातभर वर होती.

तशीच ती थांबली. पदर हलत होता. आत्याने पदराकडे पाहिले, मग वर पाहिले.

"ह्यो वारा कुठशी येतंय?" तिने विचारले.

"समुद्रावरनं, आजी," हेमाली म्हणाली. "मी काही केलं नाही. त्याला जायला वाट ठेवली, एवढंच."

आत्याने काठी भिंतीला लावली. "मना जरा बसू दे. मंग मारतंय यांना," असे म्हणून ती खाली बसली. मग कलंडली.

अधिकारी पाच वाजता उठले आणि पुढचे न मोजताच निघाले. आत्या उठली नाही. दिवेलागण झाली, जेवणे झाली, तरी उठली नाही. कमळने तीन वेळा तिच्या नाकापुढे हात धरून पाहिला. हेमाली उशाशी बसून होती. अर्जदार पडवीत येरझारा घालत होता आणि आत जायला घाबरत होता. दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता आत्याने डोळे उघडले, सगळ्यांकडे पाहिले आणि म्हणाली, "च्या ठेवलास का न्हाय?" चहा घेतल्यावर म्हणाली, होळीपासून मी अशी झोपले नव्हते. मग तिने अर्जदाराला खोपीतले बोचके आणायला पाठवले.

८. म्हणजे अर्जदाराच्या घरातला प्रश्न सुटला आहे. आपल्या कार्यालयातला मात्र वाढला आहे, तो असा : आत्या आता रोज सकाळपासून पडवीत काठी घेऊन बसते आणि सरकारी माणसास आत सोडत नाही. "घर हाय ह्या, धर्मशाळा न्हाय," असे तिचे म्हणणे आहे. दि. ९ मे रोजी श्री. शेलार राहिलेली सही घ्यायला आले असता त्यांना फारच लवकर परतावे लागले. पाचवी पाहणी ठरवल्यास ती करणाऱ्याच्या सुरक्षिततेची जबाबदारी अर्जदार घेऊ शकत नाही. तो स्वतःही आत जाताना आवाज देऊन जातो.

९. सबब अर्जदाराची विनंती अशी :

(अ) श्री. शेलार यांनी मोजलेला पुढचा भाग आणि श्री. राऊळ यांनी मोजलेला मागचा भाग यांची बेरीज करून ते एक घर समजावे. मधली खोली दोघांपैकी एकाने मोजली असून दुसऱ्याने अनुभवली आहे.

(ब) दोन बांधकामांची नोटीस मागे घ्यावी. अर्जदारास दुसरे घर नाही, आणि असते तर मुलगी बोलत नव्हती ते चार दिवस तो तिथे राहायला गेला असता.

(क) १७ एप्रिलच्या अहवालातील उकाडा हा अर्जदाराचा समजावा, मुलीच्या आराखड्याचा नव्हे. त्याबद्दल होईल ती कारवाई अर्जदारावर करावी.

अर्ज इथेच संपत होता. हेमालीने तो पडवीत आत्याला वाचून दाखवला. बारा वर्षे जिने नंबराशिवाय दुसरे काही मागितले नाही, ती सगळे ऐकून घेऊन म्हणाली, माझे पण लिही. म्हणून तिचे शब्द जसेच्या तसे :

"साहेब, नंबर द्याचा तर द्या, न्हाय तर तुमच्याकडंच ठेवा. मी काय आता हालत न्हाय. पन पोरीचा नकाशा पास करा. त्या पाच घरांची मानसं अजून पत्र्याखाली हायत."

आपल्या निर्णयाची वाट पाहणारा, आपला नम्र,

बुधाजी कान्हू घरत
(सही)

श्रीमती ठमाबाई
(डाव्या हाताचा अंगठा)

ठिकाण : कोलवडे खार
दिनांक : १३ मे २०२५

सोबत :
१) घराचा आराखडा, कु. हेमाली घरत यांनी काढलेला, सहा प्रती (एक आपल्यासाठी, पाच शिक्का मारून परत मिळण्यासाठी)
२) अर्जदाराने अर्जदारास दिलेले संमतीपत्र
३) श्रीमती कर्णिक यांची अपूर्ण टिपणी, "झो" पर्यंत
४) चप्पल, नग एक, डाव्या पायाची. ही श्री. शेलार यांची असून दि. ९ रोजी घाईत पडवीत राहिली. मिळाल्याची पोच द्यावी.